गोड स्वभाव आणि कोरलेला बांध: ख्रिस्ती जगणं म्हणजे नेमकं काय?

बेळगावात १ नोव्हेंबर एकाच सकाळी तीन रंगांत उजाडतो. कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे चौकाचौकांत लागलेले असतात. १९५६ साली याच तारखेला बेळगाव, खानापूर, निपाणी हा सगळा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला, म्हणून मराठी माणसं काळा दिवस पाळतात आणि सायकल फेरी काढतात. आणि आम्हा कॅथलिक लोकांच्या पंचांगात तो सर्व संतांचा सण असतो.

गेल्या वर्षी त्या दिवशी मी सकाळच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, घरी आले तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. हातात दुधाची पिशवी.

"आज कसला सण गं तुमचा?"

"सर्व संतांचा, काकू."

"म्हणजे आमच्या ज्ञानोबा-तुकोबांसारखे? चांगली माणसं. चांगलं वागायचं, कुणाला दुखवायचं नाही. शेवटी सगळ्यांच्यात तेच की."

मी "होय की" म्हणाले आणि वर आले. कुलूप उघडतानाच मनात खुपलं की उत्तर चुकलं. मी रविवारी मुलांना दोत्रिन, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. वर्गातल्या एखाद्या पोराने हेच उत्तर दिलं असतं तर मी त्याला पुन्हा विचार करायला लावलं असतं.

काकूंचा समज फार जणांचा आहे, आमच्यातल्यांचासुद्धा. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या सुवर्ण विधानसौधात धर्मांतराविषयीचं विधेयक आलं. तेव्हा कट्ट्यावर, बसमध्ये, सगळीकडे ख्रिस्ती लोकांबद्दल बोललं जात होतं. कुणी म्हणे बिचारे सेवाभावी, कुणाच्या मते उपद्व्यापी. पण हा धर्म मानणाऱ्याकडून हा धर्म मागतो तरी काय, हे कुणी कुणाला विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही. ते इथे सोपं करून सांगायचा प्रयत्न करते.

"शांत, प्रेमळ लोक" ही ओळख कुठून आली?

ती ओळख खोटी नाही. इथल्या दोन-तीन पिढ्या १८५६ पासूनच्या सेंट पॉल्स शाळेत किंवा तशाच मिशनच्या शाळांत शिकल्या. अथणी-चिक्कोडीकडचा माणूस दुखणं घेऊन मिरजेला जायचा, ते मिशन हॉस्पिटल डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली उभं केलं. पांढऱ्या झग्यातली सिस्टर, मृदू बोलणारे फादर, नाताळला घरी येणारं करंज्या आणि केकचं ताट. त्यातून ख्रिस्ती म्हणजे गोड माणूस असं समीकरण झालं, आणि हळूहळू आम्हीच ते खरं मानलं. कुणाशी भांडण नाही, दारू नाही, रविवारी चर्च, म्हणजे झालो ख्रिस्ती.

अडचण अशी की गोड वागण्यात बऱ्याचदा चांगुलपणापेक्षा भीडच जास्त असते. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते खरं आहे. लग्नाच्या बैठकीत हुंड्याचा आकडा ठरतो तेव्हा चहाची बशी हातात धरून गप्प बसणारे सगळे सज्जनच असतात. "मूळचे कोण ओ तुम्ही?" असं जात काढायसाठी विचारलेलं ऐकून हसून घेणारेही सज्जनच. आपण वाईट दिसू नये, एवढीच त्या सज्जनपणाची धाव असते.

शुभवर्तमानातला, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या नावाने बायबलमध्ये असलेल्या येशूच्या चरित्रांतला, येशू या अर्थाने गोड नाही. त्याने देवळाच्या आवारातल्या सराफांचे चौरंग उलटवले. हेरोद राजाला भर लोकांत कोल्हा म्हटलं. पेत्र हा त्याचा जवळचा शिष्य. तो काळजीपोटी मध्ये आला तेव्हा त्याला सैतान म्हणून बाजूला केलं. आणि याच माणसाने कुष्ठरोग्याला हात लावला, व्यभिचारात पकडून आणलेल्या बाईवर दगड पडू दिला नाही. दोन्ही एकाच माणसाचं वागणं आहे. त्यातलं दुसरं तेवढं चित्रात काढून भिंतीवर लावायचं आणि पहिल्याकडे पाठ फिरवायची, असं आमचं वर्षानुवर्षं चाललंय.

वेदीपाशी ठेवलेलं दान

आता मुख्य मुद्दा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायात, डोंगरावरच्या प्रवचनात, येशू सांगतो: तू वेदीपाशी दान अर्पण करायला आलास आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग येऊन दान दे.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं आणि कितीतरी वर्षं चुकीचं ऐकलं. मला वाटायचं, कुणाबद्दल आपल्या मनात राग असेल तर तो काढून टाकून प्रार्थनेला बसावं. पण वाक्य उलटं आहे. तुझ्या मनात कुणाविरुद्ध काही आहे का, असं येशू विचारत नाही. कुणाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे का, असं तो विचारतो.

पहिल्या प्रश्नाला आपल्यासारखी माणसं छान उत्तर देतात. "छे, माझं कुणाशी वैर नाही." ते खरंही असतं. ज्याने दुसऱ्याचं दाबलेलं असतं त्याच्या मनात कशाला राग असेल? राग असतो ज्याचं गेलं त्याच्या मनात. त्यामुळे स्वतःचं मन चाचपून देवाला हिशेब देता येत नाही. हिशेबाची वही त्या दुसऱ्याच्या घरी असते, आणि ती बघायला उठून त्याच्या दारी जावं लागतं.

हे उठून जाणं किती लांबचं होतं तेही बघा. येशू हे गालील प्रांतात बोलत होता. यज्ञाची वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. मधलं अंतर साधारण बेळगाव-कोल्हापूर एवढं, आणि सगळं पायी. वारकरी बंधूंना हे चटकन कळेल. शेकडो कोस चालून पंढरपुरात पोचलात, रांगेत रात्र काढली, गाभाऱ्याशी आलात, विठ्ठलाचे पाय दिसतायत, आणि कुणी म्हणतंय, थांबा. आधी गावी परत जा, भावकीतला तो जुना वाद मिटवा, मग या. येशूचं सांगणं इतकं टोकाचं आहे, आणि ऐकणाऱ्या गालीलकरांना ते पक्कं कळलं असणार.

काकांचा बांध

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे काका, म्हणजे गोड माणूस. कधी आवाज चढवला नाही. चर्चच्या कमिटीवर होते, दुसऱ्याच्या मयतीला सगळ्यात आधी हजर. त्यांच्या भाताच्या शेतालगत एका कन्नड बोलणाऱ्या घराचं शेत होतं. नांगरताना काका दरवर्षी बांधाला जरा जास्त घासून तास घ्यायचे. एका वर्षाला बोटभर, फार तर वीतभर. शेतकऱ्याला सांगायला नको, याला बांध कोरणं म्हणतात. वीस-पंचवीस वर्षांत बांध चार-साडेचार हात पलीकडे सरकला. पलीकडचा म्हातारा दोनदा बोलला, मग गेला बिचारा. त्याचा मुलगा काही बोलायचा नाही, फक्त काकांना बघितलं की मान फिरवायचा.

एका उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या ४० दिवसांत, फादरांनी वेदीपाशी ठेवलेल्या दानावर प्रवचन दिलं. आठवडाभर काका नीट जेवले नाहीत. मग एका सकाळी कासरा, कुदळ आणि दोन मजूर घेऊन शेतावर गेले. जुन्या बांधाचा एक दगड करवंदीच्या जाळीत अजून पुरलेला होता, तो त्यांनाच तेवढा माहीत होता. मी तेव्हा दहावीत, पाण्याची कळशी घेऊन गेले होते. दगड उघडा पडला तेव्हा काका त्याच्यावर हात ठेवून बराच वेळ उकिडवे बसले. मग त्यांनी कासरा ताणला आणि बांध घालायला सुरुवात केली.

पलीकडचा मुलगा धावत आला, त्याला वाटलं आता आणखी कोरतायत. काकांना कन्नड जेमतेम यायचं. ते एकच शब्द बोलले, "तप्पायतु." चूक झाली.

पुढे सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. त्या मुलाला यात डाव वाटला. त्याने सर्व्हेअर बोलावून मोजणी करून घेतली आणि मगच विश्वास ठेवला. आमच्या घरात तर आग लागली. सव्वा गुंठा जमीन, भातपिकाची, "आमच्या वाट्याची तुम्ही कुणाला विचारून दिली?" म्हणून चुलतभाऊ वर्षभर बापाशी बोलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा लोक काकांना आडमुठा म्हणाले. माझ्या आठवणीत मात्र काका तेव्हाच ख्रिस्ती दिसतात. त्याआधीची चाळीस वर्षं ते भले गृहस्थ होते.

जक्कयाची गोष्टही अशीच आहे. लूकच्या १९ व्या अध्यायात हा जकातदार येशूला घरी जेवायला घेऊन जातो आणि उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याला फसवून घेतलं त्याला चौपट परत करतो. जुन्या नियमशास्त्रात स्वतःहून कबुली देणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच परत करायला सांगितलं होतं. चौपट ही मेंढरू चोरणाऱ्याची शिक्षा होती. जक्कयाने स्वतःला चोराच्या रांगेत उभं केलं. "सॉरी, चुकलं" म्हणून तो मोकळा झाला नाही.

कृपा म्हणजे काय?

इथे एक धर्मशास्त्राचा शब्द आणावाच लागतो, कारण त्याच्याशिवाय वरचं सगळं म्हणजे आणखी कडक शिस्त वाटेल. तो शब्द कृपा. न कमावता मिळालेली माफी आणि मान, एवढाच त्याचा अर्थ.

सोसायटीच्या पीककर्जाचं उदाहरण घेते. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात येशूने जवळजवळ हेच सांगितलंय. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होतं. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिवसांची मजुरी, म्हणजे हे कर्ज झालं सहा कोटी दिवसांचं. फिटणं शक्यच नाही. राजाने ते माफ केलं. चाकर बाहेर पडला, त्याला एक सोबती भेटला, ज्याने त्याचे शंभर दिवसांच्या मजुरीएवढे पैसे द्यायचे होते. याने त्याचा गळा धरला. सगळी थकबाकी माफ झाल्याचा कागद खिशात आहे, आणि स्टँडवर भेटलेल्या मजुराची उधारीसाठी कॉलर पकडलीय, असं ते दृश्य.

देवाने आपलं फिटणार नाही असं देणं स्वतःच्या अंगावर घेतलं, येशूच्या क्रुसावर त्याची किंमत दिली, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. दुखावलेला तो होता, आणि समेटासाठी पहिल्यांदा तोच चालत आला. म्हणून त्याच्या मागे जाणाऱ्यानेही दुसऱ्याच्या दारी आधी जायचं. पुण्य साठवायला जायचं नाही. खिशात माफीचा कागद आहे म्हणून जायचं, आणि मग नाक खाली होण्याची भीती उरत नाही. काका त्या सकाळी स्वर्गातली जागा विकत घ्यायला गेले नव्हते. आपली जागा पक्की आहे हे कळल्यावर सव्वा गुंठा सोडायला हात धजावला, असं ते स्वतःच पुढे सांगायचे.

रडून उपयोग नाही, बस बदला

दुसरा शब्द पश्चात्ताप. मराठीत त्याचा अर्थ मागाहून होणारा ताप, जळफळाट, असा होतो आणि तिथेच गडबड होते. बायबलच्या जुन्या कराराच्या मूळ हिब्रू भाषेत त्यासाठी जो शब्द येतो त्याचा साधा अर्थ मागे वळणं आहे.

बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर पाटी कन्नडमध्ये, गडबडीत तुम्ही खानापूरऐवजी कोल्हापूरच्या गाडीत बसलात. हत्तरगीचा टोलनाका आला तेव्हा कळलं. आता सीटवर बसून कितीही हळहळलात, कपाळावर हात मारून घेतलात, तरी गाडी निघालीय कोल्हापूरलाच. उतरायला हवं, रस्ता ओलांडून उलट्या दिशेची गाडी धरायला हवी, दुसरं तिकीट काढायला हवं. आमच्यात राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लावतात. ती राख लावून घेऊन त्याच सीटवर बसून राहणारे पुष्कळ आहेत.

"मग आमच्या शेजारचे ख्रिस्ती नसलेले लोक तुमच्यापेक्षा चांगले कसे?"

असतात. मी वाद घालणार नाही. आमच्या जिन्यातल्या काकू माझ्यापेक्षा कितीतरी मायाळू आहेत. त्यांची श्रद्धा विठ्ठलावर आहे, आणि दया, सत्य, दान हे त्यांना तुकोबांकडून मिळालंय. ख्रिस्ती धर्माकडे चांगुलपणाचा मक्ता आहे असं कुणी म्हणत असेल तर तो ना शेजार बघतो ना बायबल वाचतो.

याचं उत्तर मला आंब्याच्या कलमात सापडतं. रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधतात. दोन्ही कापांच्या साली जुळल्या पाहिजेत, मग पट्टी घट्ट गुंडाळायची, आणि काही आठवड्यांनी काडीला पालवी फुटली की समजायचं, जीव धरला. आता कुणी रायवळाच्या फांद्यांना दोऱ्याने हापूस टांगले तर झाड चार दिवस छान दिसेल. वरवरचं गोड वागणं हे असं दोऱ्याने टांगलेलं फळ आहे. येशू योहानाच्या १५ व्या अध्यायात वेलाचा दाखला देतो: फांदी वेलात राहिली तरच तिला फळ येतं, वेगळी केली तर नाही. कलम झालं की आतला रस बदलतो, फळ मागाहून येतं, आणि यायला वर्षं लागतात.

आणखी एक गोष्ट कलम करणाऱ्यालाच ठाऊक असते. जोडाच्या खालून, मूळच्या रायवळातून, धुमारे फुटत राहतात. ते दिसले की काढावे लागतात. नाहीतर ते इतके माजतात की वरची हापूसची काडी वाळून जाते आणि मालकाला पत्ताही लागत नाही, झाड तर हिरवंगार दिसत असतं. रोजची प्रार्थना, कुमसार, म्हणजे फादरांपुढे चुकांची कबुली, उपवास, हे सगळं त्या धुमाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी आहे. माझा जन्मापासूनचा स्वभाव चिडका आहे. काकूंचं झाड मूळचंच गोड. दोन झाडांची शेजारी शेजारी तुलना करून कलमाची परीक्षा होत नाही. हेच झाड कलमाआधी कसं होतं ते विचारा.

"क्षमा करा म्हणजे मार खात राहा, असंच ना?"

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात आमच्या लोकांनी खरोखर नुकसान केलंय. नवरा मारतो म्हणून रडत आलेल्या बाईला मोठ्या माणसांनी "सहन कर, प्रार्थना कर, येशूनेही सोसलं" असं सांगितलेलं मी माझ्या कानांनी ऐकलंय. ती परत गेली, आणि पुढच्या वेळी हात मोडून आली. हा सल्ला ख्रिस्ती नव्हता. लोक काय म्हणतील, घराचं नाव जाईल, ही भीड होती, आणि तिला येशूचं नाव दिलं होतं.

क्षमा आणि समेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा म्हणजे सूड घ्यायचा हक्क सोडणं. ती एकटीलाही करता येते, आणि कधीकधी त्याला वर्षं लागतात. समेटाला दोघं लागतात, आणि ज्याने मारलं त्याची गाडी आधी वळावी लागते. लूकच्या १७ व्या अध्यायात येशू सरळ सांगतो: भावाने अपराध केला तर त्याला दटाव, आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. दटावणं आधी आहे. त्या बाईला माहेरी नेणं, पोलिसांत तक्रार देणं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण मागणं, यातलं काहीही क्षमेच्या विरुद्ध नाही. उलट मारणाऱ्याला थांबवणं हे त्याच्यावरही उपकार आहेत.

"दुसरा गाल पुढे कर" याबद्दलही सांगते. मत्तयाने उजवा गाल म्हटलंय. समोरचा उजव्या हाताने मारत असेल तर उजव्या गालावर बसते ती हाताच्या पाठीची चापट, वरच्याने खालच्याला मारलेली, अपमान करण्यासाठीची. दुसरा गाल पुढे करणारा पळत नाही आणि उलट मारतही नाही. तो ताठ उभा राहून म्हणतो, मारायचंच तर बरोबरीचा समजून मार. काही अभ्यासक असा अर्थ लावतात आणि मला तो पटतो.

सोसणं आणि गप्प बसणं यांतला फरक ज्यांना बघायचाय त्यांनी पंडिता रमाबाईंकडे बघावं. १८५८ साली आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात जन्मलेल्या, संस्कृतच्या पंडिता, १८८३ साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्मा देणाऱ्यांच्या हो ला हो त्यांनी कधी केलं नाही. मनाला न पटणाऱ्या गोष्टींवर त्यांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म शिकवणाऱ्या सिस्टरांशी पत्रांतून कडाडून वाद घातला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी प्लेग इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर पत्र लिहिलं. सरकार ख्रिस्ती राणीचं होतं. त्याच सुमाराला दुष्काळातल्या अनाथ मुलींना गोळा करून त्या केडगावला आणत होत्या, त्यांच्या डोक्यातल्या उवा काढत होत्या. गोड बाई म्हणून रमाबाईंना कुणी ओळखत नव्हतं.

आपल्या बेळगावचेच बाबा पदमनजी घ्या. १८३१ साली इथे जन्मले, १८५४ साली बाप्तिस्मा घेतला, आणि तीनच वर्षांनी विधवांचे हाल मांडणारी 'यमुनापर्यटन' ही कादंबरी लिहिली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून शाळेत तिचं नाव पाठ करतो, पण ती आपल्या गावात जन्मलेल्या माणसाची, हे किती बेळगावकरांना माहीत असतं?

शेजारी कोण, हा सीमाभागातला प्रश्न

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शाळेतसुद्धा सांगतात, पण "रस्त्यात जखमी दिसला तर मदत करावी" एवढी पातळ करून. गोष्ट लूकच्या १० व्या अध्यायात आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता जवळजवळ बेळगाव-खानापूरइतका लांब, पण चोर्ला घाटासारखा उताराचा आणि लुटारूंचा. एका माणसाला मारून टाकून दिलेलं असतं. याजक बघून पलीकडून जातो, मंदिराचा सेवक बघून पलीकडून जातो, आणि थांबतो तो शोमरोनी.

शोमरोनी म्हणजे परदेशी नव्हे. यहुद्यांना लागून राहणारे, एकच पूर्वज सांगणारे, आणि म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या भांडणारे. खरं मंदिर कुठल्या डोंगरावर, मूळचे कोण आणि मागाहून आलेले कोण, असले त्यांचे वाद. सीमाभागातल्या माणसाला याची आणखी फोड करून सांगायला नको. येशूने गोष्ट इथे सांगितली असती तर दगडफेकीच्या दिवशी वडगावातल्या मराठी पोराला कन्नड संघटनेचा कार्यकर्ता आपल्या गाडीवर घालून दवाखान्यात नेतो, दोन दिवसांची मजुरी काउंटरवर ठेवतो, असं सांगितलं असतं. किंवा उलट. ज्या बाजूच्या श्रोत्यांना जास्त टोचेल तसं.

याचा अर्थ भाषेचा हक्क सोडा असा मी मुळीच घेत नाही. माझ्या मुलाला मराठीत शिकता यावं, उतारा मला वाचता येईल अशा भाषेत मिळावा, हे न्यायाचं मागणं आहे आणि न्याय मागायला येशूची मनाई नाही. पण मागणी करताना समोरच्याचा माणूस म्हणून हिशेब चुकता ठेवणं, हे माझ्यावर बंधनकारक आहे. आमच्या शहरात मराठी, कोंकणी, कन्नड, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत उपासना होतात. वेळा वेगळ्या, वेदी एकच. तरी कुणाची वेळ सोयीची, सणाला कुणाचं गायन, यावर आमच्यात रुसवे होतात. लग्न जमवताना "पूर्वीचे कोण?" हा प्रश्न तर आमच्यातही हळूच विचारला जातो, बाप्तिस्मा होऊन चार पिढ्या झाल्या तरी. ख्रिस्तामध्ये यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र असा भेद उरत नाही हे बायबलमधलं प्रेषित पौलाचं वाक्य वाचणाऱ्या माणसानेच घरी जाऊन मुलीच्या स्थळाबद्दल असं विचारलं, तर कलमाच्या खालचा धुमारा हाच.

"फिरून फिरून धर्मांतराकडेच ना?"

लपवून काय उपयोग, आपल्याला जे मोलाचं वाटतं ते दुसऱ्याला सांगावं असं आमचा धर्म म्हणतो, आणि घटनेच्या २५ व्या कलमाने तो हक्क सगळ्याच धर्मांच्या लोकांना दिलाय. पण वर सांगितलेलं खरं असेल तर पैसे, नोकरी, शाळेतला प्रवेश यांचं आमिष दाखवून कुणाला ख्रिस्ती करणं मुळातच फोल आहे. दोऱ्याने बांधलेलं फळ आणखी एक वाढेल, बस.

मार्कच्या १० व्या अध्यायात एक श्रीमंत माणूस धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो. सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्यात म्हणतो, म्हणजे अगदी काकू म्हणतात तसा चांगला माणूस. येशूने त्याच्याकडे बघून त्याच्यावर प्रीती केली, असं तिथे लिहिलंय. आणि मग सांगितलं, तुझं आहे ते विकून गरिबांना दे, आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याला परत हाक मारली नाही. अर्धं विकलंस तरी चालेल म्हणाला नाही, शापही दिला नाही. त्याला जाऊ दिलं. धर्मप्रसार करणाऱ्या आमच्या प्रत्येकाने ही गोष्ट पाठ करावी असं मला वाटतं.

यातलं बरंचसं मी गेल्या महिन्यात काकूंना सांगितलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, मटारच्या शेंगा सोलत. काकांच्या बांधाचं ऐकताना त्यांचे हात थांबले होते. सगळं सांगून झाल्यावर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "आणि तुझं गं? तुझ्यावर आहे का कुणाचं काही?"

निपाणीला माझी नणंद असते. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या पाटल्या मी कपाटात ठेवल्या. कुणी मागितल्या नाहीत, मी काढल्या नाहीत, याला सहा वर्षं झाली. सणावाराला आमचा फोन असतो, बोलणं गोडच असतं.

"आहे," मी म्हणाले.

"मग कधी जातेस?"

निपाणीची गाडी दर अर्ध्या तासाला आहे. येत्या रविवारी दोत्रिनचा वर्ग संपला की निघायचं ठरवलंय. पाटल्या काल कपाटातून काढून रुमालात बांधून ठेवल्या.